ॐ म्हटल्यावर रांगोळी नाचते का? आणि इतर प्रश्न

गणपती झाले की या सदराकडे येणारी पत्रं आवाजावर घसरतात. यंदाही तेच. कुणाला डॉल्बीचा ताप झालाय, कुणाला मोबाईलवर आलेल्या व्हिडिओने भुरळ घातलीय, आणि एका सराफाने तर थेट दुकानातल्या मशिनबद्दल विचारलंय. सगळा जन्म कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेण्यात गेल्यामुळे मला एक खोड लागलीय. आवाजाने अमुक होतं, तमुक होतं असं कुणी म्हटलं की मी विचारते: सेकंदाला किती कंपनं? जोर किती? आणि समोरची वस्तू कुठल्या कंपनाला राजी आहे? एवढं विचारलं की निम्मे चमत्कार गळून पडतात. उरलेले निम्मे मात्र खरेच असतात, आणि ते जास्त मजेशीर असतात.

प्रश्न: मिरवणूक दारावरून जाते तेव्हा आमची तावदानं थरथरतात. पण मांडणीवरचे सगळे डबे गप्प असतात आणि एकच पितळी डबा तेवढा खडखडतो. असं का? घर जुनं, दगडमातीचं आहे. भिंतीला तडे जातील का?
– एक गृहिणी, मंगळवार पेठ

ताई, आधी डब्याचं बघू. प्रत्येक वस्तूला स्वतःचा असा एक कंपनांचा वेग असतो. टिचकी मारल्यावर ती ज्या सुरात बोलते, तोच. बाहेरून येणारा आवाज त्या वेगाशी जुळला तर दर वेळचा रेटा आधीच्या रेट्यात मिळत जातो. झोपाळ्याला त्याच्या लयीत नुसतं बोट लावत राहिलं तरी झोका चढतो, तसं. याला अनुनाद म्हणतात. तुमच्या पितळी डब्याचं झाकण, किंवा तो ज्या फळीवर ठेवलाय ती फळी, त्या रात्रीच्या बेसला राजी आहे. बाकीचे डबे नाहीत. शिवाय तो डबा बुडाशी पोचलेला असणार. नीट टेकत नाही म्हणून थडथडतो. खाली फडक्याची घडी सारा, गप्प बसेल.

आता तावदानं. समजा तुमच्या खिडकीपाशी आवाज १२० डेसिबल आहे. म्हणजे काच बसलेल्या ठिकाणी हवेचा दाब सुमारे २० पास्कलने खालीवर होतोय. हवेचा नेहमीचा दाब असतो एक लाख पास्कल, त्यामुळे २० हा आकडा चिल्लर वाटेल. पण एक चौरस मीटरच्या काचेवर तो जवळजवळ दोन किलोचा रेटा होतो. तोही एकदा नव्हे, बेसचा सूर ५० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ५० वेळा आत आणि ५० वेळा बाहेर. चौकटीत काच घट्ट असेल तर तिला त्याचं काही वाटत नाही. ताशी वीसेक किलोमीटरचा वारा समोरून आला तरी दाब एवढाच पडतो. काच वाजते ती पुट्टी सुकून गळाल्यामुळे. वाजत असताना काचेवर तळहात दाबून बघा. आवाज थांबला तर सुताराला बोलवायचं, पोलिसांना नंतर.

भिंतीचंही तसंच. चांगल्या बांधलेल्या भिंतीला तडा द्यायला २० पास्कल पुरे पडत नाहीत. गिलावा पडला तर तो आधीच भिंतीपासून सुटलेला होता असं समजा. बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथे सुटलाय.

मग मिरवणुकीत काहीच बिघडत नाही का? बिघडतं, पण भिंतीचं नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सात मीटर भरते. एवढी लांब लहर कोपऱ्यावरून वळते, बोळात शिरते आणि भिंतीतूनही बारीक सुरांपेक्षा कितीतरी सहज पार होते. म्हणून माजघरात गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसतं धम् धम् येतं. छातीत ठोका बसल्यासारखं होतं ते मनाचे खेळ नव्हेत. छातीची पोकळीसुद्धा खालच्या सुरांना साथ देते. आणि कानाच्या आत केसासारख्या ज्या पेशी आहेत, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या जागी आवाज किती चालेल याचा अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल असेल तर आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ५५ आणि १२० यांत फक्त दुपटीचा फरक आहे असं वाटणाऱ्यांसाठी सांगते, उर्जेच्या हिशेबाने तो तीस लाख पटींच्या वर जातो. पोरांना हे सांगून उपयोग होत नाही, मला माहीत आहे. पण नातवंडं खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपुढे उभे राहणारे आजोबा बघितले की माझं डोकं फिरतं.

प्रश्न: एका व्हिडिओत स्पीकरवर वाळू टाकून ॐ म्हटल्यावर श्रीयंत्र उमटतं असं दाखवलंय. हे खरं आहे का? घरी करून बघता येईल का?
– बारावीची विद्यार्थिनी, शाहूपुरी

वाळूत आकृत्या उमटतात हे शंभर टक्के खरं. अर्न्स्ट क्लाडनी नावाच्या जर्मन माणसाने १७८७ साली पुस्तकात त्या छापल्या. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरायची आणि काठावरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्र्याचा काही भाग जोरात हलतो, काही रेषा मात्र जागच्या जागी राहतात. हलणाऱ्या भागावरची वाळू उडत उडत त्या शांत रेषांवर जाऊन बसते. तुमच्या पुस्तकात ज्याला निस्पंद म्हणतात ते डोळ्यांनी दिसतं. १८०९ साली क्लाडनीने हा खेळ पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर केला. तिथल्या अकादमीने यामागचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस लावलं आणि १८१६ साली ते सोफी जर्मेनने मिळवलं. बाई असल्यामुळे तिला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेशसुद्धा नव्हता. पुरुषाच्या नावाने ती उत्तरं लिहून पाठवायची. इंजिनिअरिंगला मुलींनी जावं का यावर घरात वाद चालू असेल तर हे नाव लक्षात ठेव.

आता घरचा प्रयोग. गोल स्टीलचा डबा घे, फुगा कापून त्याचं रबर तोंडावर ताणून बसव आणि दोऱ्याने आवळ. वर चिमूटभर रांगोळी भुरभुरव. आपली नेहमीची खरखरीत रांगोळी चालते, बारीक रवाही चालतो. डब्याच्या बाजूला तोंड नेऊन, रबराच्या अगदी जवळ, एक सूर धर आणि हळूहळू वर ने. बराच वेळ काही होणार नाही. मग एका ठरावीक सुरावर रांगोळी एकदम उसळेल आणि कडं किंवा रेघ धरेल. जरा वर गेलीस की मोडेल, आणखी वर गेल्यावर दुसरीच आकृती येईल. टाल्कम पावडर घेऊन तेच कर. पावडर शांत रेषांवर न जाता जिथे रबर सगळ्यात जास्त हलतंय तिथे ढीग करून बसेल! ही उलटी चाल बघून लोक चक्रावले होते. फॅरेडेने १८३१ मध्ये उलगडा केला: हलणाऱ्या पृष्ठभागाजवळ हवेचे छोटे प्रवाह फिरतात आणि हलकी पूड त्यांच्याबरोबर ओढली जाते, जड वाळूला ते उचलता येत नाहीत.

मग श्रीयंत्र? तू स्वतःच निकाल लाव. ॐ म्हणून जी आकृती येईल ती बघून ठेव. त्याच सुरात ‘ओ मामा’ मधला ‘ओ’ लांबव. तीच आकृती येईल. तुझ्या बाबांना त्यांच्या पट्टीत ॐ म्हणायला लाव, आकृती बदलेल. शेवटी गोल डब्याऐवजी चौकोनी डबा घे. शब्द तोच, सूर तोच, गळा तोच, तरी आकृती वेगळी. रांगोळीला शब्द कळत नाही. तिला कंपनांची संख्या कळते, आणि डब्याचा आकार नि रबराचा ताण कळतो. गोल पडद्यावर साधारणपणे वर्तुळं आणि मधून जाणाऱ्या रेघा उमटतात. श्रीयंत्रात एकमेकांत गुंतलेले नऊ त्रिकोण असतात. ते त्या व्हिडिओवाल्याने कॉम्प्युटरवर काढलेत. ॐकाराने तुला शांत वाटत असेल तर जरूर म्हण, त्यासाठी वाळूची साक्ष लागत नाही.

प्रश्न: दीपक राग गाऊन दिवे पेटत असत, हे विज्ञानाला मान्य आहे का?
– संगीतप्रेमी, ताराबाई पार्क

नाही. दमदार गवयाच्या गळ्यातून बाहेर पडणारी आवाजाची शक्ती एक वॉटसुद्धा भरत नाही. मेणबत्ती जळते तेव्हा सुमारे ८० वॉट देते. वातीतलं तेल पेट घ्यायचं तर ते २०० अंशांच्या कितीतरी वर तापावं लागतं. एक साधा हिशेब मी मुलांना करायला द्यायचे. कपभर पाणी, तोंडाशी ५० चौरस सेंटिमीटर, वरून सतत १२० डेसिबलचा आवाज. सगळी उर्जा पाण्यात मुरली आणि थेंबभर उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं, तरी पाणी उकळायला जवळपास पाच महिने लागतात. गवई थकेल, श्रोते त्याआधी उठतील.

उलट गोष्ट मात्र खरी आहे: आवाजाने दिवा विझतो. २०१५ साली अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ३० ते ६० हर्ट्झच्या आवाजाने लहान आग विझवणारं यंत्र करून दाखवलं. ज्योतीच्या मुळाशी हवा इतकी मागेपुढे होते की जळणारी वाफ आणि प्राणवायू यांची गाठ तुटते. पुढच्या वर्षी मंडळाच्या आरतीचं निरांजन बेसच्या डब्यासमोरून नेऊन बघा. आणि ज्योत संगीतावर नाचते हेही खरं. १८५८ मध्ये जॉन लकाँट या अमेरिकन प्राध्यापकाने घरगुती मैफलीत पाहिलं की चेलोचे काही सूर लागले की भिंतीवरच्या गॅसच्या ज्योती बरोबर उसळतात. १९०५ साली रूबेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने लांब नळीला ओळीने भोकं पाडून, आत गॅस सोडून, एका टोकाला आवाज दिला, तर ज्योतींची रांग लाटेच्या आकारात उभी राहिली. म्हणजे पेटलेल्या दिव्यावर आवाजाची हुकूमत चालते. पेटवायला काडीच लागते.

प्रश्न: पाण्याला चांगलं संगीत ऐकवून गोठवलं तर सुंदर स्फटिक होतात, शिव्या दिल्या तर वेडेवाकडे. आम्ही योगवर्गात पाण्याच्या बाटलीवर ‘प्रेम’ असं लिहून चिकटवतो.
– साधक, राजारामपुरी

बाटलीवर तारीख लिहा, पाणी कधी भरलं ते तरी कळेल. मासारू इमोतो या जपानी लेखकाचे ते फोटो आहेत. एकाच पाण्याच्या पुष्कळ थेंबांमधून कुठला फोटो घ्यायचा आणि कुठला टाकायचा, हे काढणारा ठरवत होता. बर्फाच्या स्फटिकाचा आकार कशाने ठरतो हे जपानमध्येच उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. १९३६ मध्ये त्यांनी होक्काइदोतल्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर कृत्रिम हिमकण वाढवला. उणे दोन अंशांच्या आसपास चपट्या चकत्या, उणे पाचला सुया, उणे पंधराला चांदणीसारख्या फांद्या. तापमान आणि हवेतला ओलावा, बस्. तिथे शिवी पोचत नाही.

प्रश्न: एक तानपुरा छेडला की शेजारी ठेवलेला दुसराही बोलतो. गुरुजी म्हणतात, सूर जागा होतो. नेमकं काय होतं? आणि पावसाळ्यात तबला उतरतो तो का?
– शिकाऊ कलावंत, गडहिंग्लज

गुरुजींच्या शब्दांत मी हात घालणार नाही. होतं ते असं. कागदाचा छोटा कपटा घडी घालून दुसऱ्या तानपुऱ्याच्या प्रत्येक तारेवर घोड्यासारखा बसवा आणि पहिल्याचा षड्ज छेडा. षड्जाच्या तारेवरचा कपटा उडून पडेल, पंचमावरचा बसून राहील किंवा नुसता थरथरेल. तार जराशी उतरवून पुन्हा करा, आता कुणीच उडणार नाही. दोन्ही तारांचे वेग तंतोतंत जुळले तरच हे घडतं. सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, याच भरवशावर लावलेल्या असतात. त्यांना फारसं कुणी हात लावत नाही, तरी त्या गातात.

मिरजेला सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर जवारी काढताना बघत बसा. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कारागीर कानशीने घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. केसभर उतार कमी-जास्त झाला तर तानपुरा बद्द वाजतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर लिहिलं. युरोपातल्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचे (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांचे) निस्पंद येतात ते ऐकू यायला नकोत. आपल्या तानपुऱ्यात आणि वीणेत ते खणखणीत येतात, कारण तार त्या रुंद, उतरत्या माथ्याला कंपनागणिक चिकटते नि सुटते. तारेखाली सारलेला दोरा ही जागा नेमकी साधण्यासाठीच.

तबल्यावरही रामन यांनी काम केलं, १९२० मध्ये. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोल धडधडतो पण गात नाही. मधल्या शाईच्या वजनामुळे तबल्याचे उपस्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटींत येतात. कातड्यावर बारीक वाळू पसरून त्यांनी ते दाखवलंही, म्हणजे क्लाडनीचाच खेळ. पावसाळ्याचं उत्तर सोपं आहे: कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं, सूर उतरतो. हलगीवाले मिरवणुकीत मध्येच थांबून कागद पेटवून हलगी शेकतात ते त्यासाठीच. तबला मात्र शेकू नका, गट्टे ठोका.

प्रश्न: गोठ्यात गाणी लावली तर दूध वाढतं म्हणतात. तसं वांग्याला, उसाला गाणं लावावं काय?
– शेतकरी, शिरोळ

दादा, गाईचं आधी. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली सांगितलं की संथ गाण्यांनी गाय दिवसाला पाऊण लिटरच्या आत-बाहेर जास्त दूध देते, साधारण तीन टक्के. पण गाणं दुधावर काम करत नाही, गाईच्या धास्तीवर करतं. गोठ्यात आरडाओरड कमी केलीत तरी तोच फायदा. उसासाठी स्पीकरचं वीजबिल भरू नका.

वांग्याची गोष्ट निराळी, तिथे आवाजाचं खरंच काम आहे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग पिवळ्या नळ्यांत कोंडलेला असतो आणि नळीला फक्त टोकाला बारीक भोक असतं. काळा भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग भुर्रकन खाली पडतो. तो गुणगुणाट तुम्ही सकाळी ऐकलाच असेल. आपल्या मधमाशीला हे जमत नाही. शाळेतल्या पोराकडून नादकाटा मागून घ्या, गुडघ्यावर आपटून वांग्याच्या फुलाला टेकवा, खाली काळा कागद धरा. पिवळी धूळ दिसेल. नुसतं जवळ धरून चालत नाही, टेकवायलाच लागतं. हवेतून आलेला आवाज तिथे कमी पडतो. म्हणून म्हणते, गाणी राहू द्या आणि भुंगे सांभाळा. फवारणी सकाळी फुलं उघडी असताना नको, संध्याकाळी करा.

प्रश्न: दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशिन घेतलंय. आवाज तर काही येत नाही, मग मळ कसा निघतो? सगळे दागिने घातले तर चालतात का?
– सराफ, गुजरी

आवाज येतो, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. माणसाचा कान २० हजार हर्ट्झला थकतो, ही मशिनं बहुतेक ४० हजारांवर चालतात. पाण्यातला दाब इतक्या झपाट्याने वरखाली होतो की दाब उतरला की पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि दाब चढला की ते आत कोसळतात. कोसळताना त्या टिचभर जागेत जो तडाखा बसतो, तो नक्षीच्या खाचेतला मळ उडवतो. याच बुडबुड्यांनी जहाजांचे पंखे खाल्ले, आणि म्हणून लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये त्यांचं गणित मांडलं. मशिन नीट चालतंय का हे बघायचं तर पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची पट्टी पाण्यात उभी धरा. मिनिटाभरात तिला बारीक भोकं आणि खड्डे पडायला लागतील. एका बाजूलाच पडत असतील तर दागिनेही त्याच बाजूला टांगा, तळाला टेकू देऊ नका.

हुपरीची चांदी, साधं सोनं, हिरा बिनधास्त घाला, पण हिऱ्याचं कोंदण सैल नाही ना ते भिंगातून आधी बघा. मोती आणि पोवळं नको, त्यांचा वरचा थर मऊ असतो. पाचू तर मुळीच नको. त्याच्या आतल्या चिरा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल निघून जातं आणि गिऱ्हाईक तुमच्या नावाने खडे फोडतं. लाख भरलेले साज, तुशी गरम पाण्याच्या या मशिनमध्ये घालू नका. त्यांना कोमट पाणी, रिठा आणि जुना मऊ ब्रश.